रक्तदाबाची नोंद व अधिवृक्क ग्रंथीच्या अर्बुदाची शस्त्रक्रिया : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

१. प्रास्ताविक

डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत मुक्काम असताना महात्मा गांधींची प्रकृती एकाएकी ढासळली. रक्तदाब फार वाढल्याचे वैद्यांस आढळले व पूर्ण विश्रांतीचा सल्ला त्यांनी दिला. ‘हरिजन’ साप्ताहिकातील गांधीजींचे लेखन थांबले. पुढे मुंबई व अहमदाबाद येथील विश्रांतीनंतर फेब्रुवारी १९३६ च्या अखेरीस ते पुन्हा लिहू लागले. त्याच वर्षी ३० एप्रिलला ते शेगाव या खेड्यात राहावयास गेले. हेच खेडे १९४० मध्ये सेवाग्राम झाले.

राजकीय इतिहासात या प्रसंगास एका ओळीपेक्षा अधिक जागा मिळत नाही. वैद्यकाच्या इतिहासात मात्र त्यास निराळे महत्त्व आहे. रक्तदाब ही अंकांत मांडता येणारी, दिवसागणिक बदलणारी आणि म्हणून पुनःपुन्हा मोजावी लागणारी गोष्ट आहे, ही जाणीव वर्ध्यासारख्या जिल्ह्यात सर्वसामान्य माणसापर्यंत पोहोचली ती बव्हंशी गांधीजींच्या आजारपणातून, असे मानण्यास जागा आहे. त्यांच्या रक्तदाबाचे जे अंक पुढे प्रसिद्ध झाले आहेत, त्यांत २६ ऑक्टोबर १९३७ चा अंक १९४/१३० असा, तर १९ फेब्रुवारी १९४० चा अंक २२०/११० असा आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय याहून अरुंद, पण या नोंदींशी जवळचे नाते असलेला आहे. अधिवृक्क ग्रंथीच्या एका विशिष्ट अर्बुदामुळे रक्तदाब व नाडी यांना अकस्मात उधाण येते. हे अर्बुद काढताना रोग्याचा रक्तदाब व नाडीची गती ताब्यात कशी ठेवावयाची, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास वैद्यकास सुमारे चाळीस वर्षे लागली. त्या उत्तराची जडणघडण पाहिल्यास युरोप-अमेरिकेतील प्रयोगशाळांबरोबर गोवा, हैदराबाद, मुंबई आणि वर्धा ही नावेही कोठे ना कोठे पुढे येतात. त्यांचा परस्परसंबंध कोठे खरा आहे व कोठे केवळ योगायोगाचा आहे, हे तपासणे हा येथील हेतू आहे.

२. ग्रंथी आणि तिची नावे

इटालियन शरीरशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ एउस्ताकी याने १५६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मूत्रपिंडांवर टेकलेल्या दोन ग्रंथींचे वर्णन केले. त्यांचे कार्य काय, हे मात्र त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे कोणासही सांगता आले नाही. १८५५ मध्ये लंडनच्या थॉमस ॲडिसन याने या ग्रंथी रोगग्रस्त झाल्यास माणूस क्षीण होऊन दगावतो, असे दाखविले. १८९४-९५ मध्ये जॉर्ज ऑलिव्हर व एडवर्ड शेफर यांनी ग्रंथीचा अर्क प्राण्यांच्या शिरेत सोडताच रक्तदाब झपाट्याने चढतो, हे सिद्ध केले. त्यानंतर बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन एबल याने या अर्कातील सक्रिय द्रव्याचा शोध चालविला. १९०१ मध्ये जोकिची ताकामिने याने ते स्फटिकरूपात वेगळे केले.

या द्रव्याला दोन नावे पडली. लॅटिनवरून ‘ॲड्रिनलिन’ आणि ग्रीकवरून ‘एपिनेफ्रिन’. पहिल्यात ‘अद’ म्हणजे जवळ व ‘रेनेस’ म्हणजे मूत्रपिंडे. दुसऱ्यात ‘एपि’ म्हणजे वर व ‘नेफ्रोस’ म्हणजे मूत्रपिंड. भारतीय भाषांत रूढ झालेली ‘अधिवृक्क’ ही संज्ञा याच घडणीची आहे. तिच्यातील ‘वृक्क’ हा शब्द मात्र नवा नव्हे. तो वैदिक वाङ्मयात द्विवचनात आढळतो. अवेस्तेत त्याचा सोयरा शब्द आहे व त्याच कुळातून फारसीतील ‘गुर्दा’ निघाला. मराठीत ‘गुरदा’ आला तो फारसीतून. म्हणजे परिभाषाकारांनी संस्कृतातून घेतलेला ‘वृक्क’ आणि खाटकाच्या दुकानात ऐकू येणारा ‘गुरदा’ हे एकाच मूळ शब्दाचे दोन वंशज होत. नित्य व्यवहारात मराठी माणूस ‘मूत्रपिंड’ म्हणतो. तरीही ‘अधिवृक्क’ ही संज्ञा ग्रंथीचे स्थान अचूक सांगते, म्हणून ती टिकून आहे.

‘रक्तदाब’ या शब्दाची गोष्ट निराळी आहे. नाडी आपल्याकडे जुनी आहे. शार्ङ्गधरसंहितेत नाडीपरीक्षेचे स्पष्ट विवेचन येते. वैद्याच्या बोटांना नाडीची गती, तिचा जोर, तिची लय ही कळतच होती. दाब ही कल्पना मात्र उपकरणाबरोबर आली आणि तिच्यासाठी शब्दही उघडउघड भाषांतर करून घडवावा लागला. नाडी बोटांना कळते. दाब कळण्यास पट्टा, पारा आणि अंक लागतात. पुढील विवेचनात हा भेद महत्त्वाचा ठरणार आहे.

३. अर्बुदाची ओळख

१८८६ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे फेलिक्स फ्रेंकेल याने मिना रोल या अठरा वर्षांच्या तरुणीची हकीकत प्रसिद्ध केली. तिला मधूनमधून छातीत धडधड, डोकेदुखी व भीतीचे झटके येत. तिच्या मृत्यूनंतर शवविच्छेदनात दोन्ही अधिवृक्क ग्रंथींत अर्बुदे आढळली. १९१२ मध्ये लुडविग पिक याने अशा अर्बुदास ‘फिओक्रोमोसायटोमा’ हे नाव दिले. क्रोमियमच्या क्षाराने ज्याच्या पेशी काळपट रंगतात असे अर्बुद, असा त्याचा शब्दार्थ. नाव रंगावरून पडले आणि रोगाचा खरा धोका, म्हणजे रक्तात सुटणारे द्रव्य, नावात कोठेच आले नाही.

मिना रोलच्या कथेस पुढे एक अनपेक्षित जोड मिळाली. २००७ मध्ये फ्रायबुर्गच्याच संशोधकांनी तिच्या कुटुंबाच्या हयात शाखेचा शोध घेतला व त्या वंशात ‘रेट’ या जनुकातील दोष असल्याचे दाखविले. एकशेवीस वर्षांपूर्वीच्या शवविच्छेदनाचा अर्थ असा वंशजांच्या रक्तातून लागला. या अर्बुदाच्या दर दहा रोग्यांपैकी तीन ते चार जणांत आनुवंशिक कारण सापडते, असे आज मानले जाते.

शस्त्रक्रियेचा इतिहास १९२६ पासून सुरू होतो. त्या वर्षी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे सेझार रू याने असे अर्बुद काढले व रोगी वाचला. १९२७ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथे चार्ल्स मेयो याने एका जोगिणीच्या पोटातून असेच अर्बुद काढले; तीही वाचली. या दोन्ही प्रसंगी आपण काय काढणार आहोत, हे शस्त्रवैद्यास आधी ठाऊक नव्हते. शस्त्रक्रियेपूर्वी निदान होऊन अर्बुद काढले गेल्याचे पहिले उदाहरण बाल्टिमोरच्या मॉरिस पिन्कॉफ्स याने १९२९ मध्ये प्रसिद्ध केले.

पहिल्या यशांमुळे गैरसमज होण्याचा संभव आहे. पुढील काळात अशा शस्त्रक्रियांत रोगी दगावण्याचे प्रमाण शेकडा २० ते ४५ पर्यंत असल्याचे सांगितले जाते. मृत्यू बहुधा तीन प्रकारे येई : दाब भडकून मेंदूत रक्तस्राव होऊन, हृदयाची लय बिघडून, किंवा अर्बुद निघाल्यावर दाब एकदम कोसळून. शस्त्रवैद्याचा हात कुशल असला तरी यांतून सुटका नव्हती.

४. भूल आणि हृदय : हैदराबादचा धडा

भूल देताना नाडी पाहावी की श्वास, हा एकोणिसाव्या शतकातील मोठा वाद. ज्यात त्या काळी मराठवाडाही मोडत होता, त्या निजामाच्या राज्यात १८८८ व १८८९ मध्ये हैदराबाद येथे दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. एडवर्ड लॉरी हे त्यांचे प्रवर्तक. दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग करून आयोगाने निष्कर्ष काढला की, क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो श्वास थांबल्यामुळे, हृदय थांबल्यामुळे नव्हे. सबब भूल देणाऱ्याने श्वासावर लक्ष ठेवावे.

हा निष्कर्ष अपुरा होता. १९११ मध्ये गुडमन लेव्ही याने दाखविले की, हलकी क्लोरोफॉर्मची भूल असताना ॲड्रिनलिन दिले तर मांजराच्या हृदयाची लय बिघडून ते तत्काळ थांबते. ज्याच्या अर्बुदातून ॲड्रिनलिन आपोआप सुटत आहे, त्यास अशी भूल देणे म्हणजे लेव्हीचा प्रयोग माणसावर करणे होय. पुढे हॅलोथेन या भूलद्रव्यातही हाच दोष काही प्रमाणात आढळला व या शस्त्रक्रियेत ते टाळले जाऊ लागले.

दाब मोजण्याची सोय याच सुमारास झाली. १८९६ मध्ये तुरीन येथे रिव्हा-रोची याने दंडाला बांधावयाचा पट्टा तयार केला. हार्वे कुशिंग याने विद्यार्थिदशेत, १८९५ च्या सुमारास, कॉडमनबरोबर भुलेच्या वेळी नाडी व श्वास यांची नोंद ठेवण्यास आरंभ केला होता. १९०१ मध्ये इटलीतील पाव्हिया येथे त्याने हा पट्टा पाहिला व तो बाल्टिमोरला नेला. १९०५ मध्ये निकोलाय कोरोटकॉफ याने नळीने ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही दाब ठरविण्याची रीत सांगितली. गांधीजींच्या रक्तदाबाचे जे दोन-दोन अंक आज वाचावयास मिळतात, ते या रीतीचेच फलित होत. तथापि शस्त्रक्रियेच्या खोलीत हा पट्टा सहजासहजी रुजला नाही. नाडीवरील अनुभवी बोट पुरेसे आहे, असे म्हणणारे पुष्कळ होते. अधिवृक्क अर्बुदापुढे ते म्हणणे टिकत नाही. कारण येथे दाब मिनिटागणिक दुप्पट होऊ शकतो व तितक्याच वेगाने ओसरतो. आज तर पट्टाही अपुरा समजून मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालून हृदयाच्या ठोक्यागणिक दाब पाहतात.

५. मुळीचा इतिहास : गोवा ते मुंबई

एउस्ताकीच्या ग्रंथाच्या आदल्या वर्षी, १५६३ मध्ये, गोव्यात गार्सिया द ओर्ता याचा वनौषधींवरील पोर्तुगीज संवादग्रंथ छापला गेला. त्यात सर्पदंशावर दिल्या जाणाऱ्या एका मुळीचे वर्णन आहे. काही अभ्यासकांनी ती सर्पगंधा असावी असे म्हटले आहे. सोळाव्या शतकातील लिओनहार्ट राउवोल्फ या जर्मन वैद्य-प्रवाशाच्या नावावरून या वनस्पतीच्या प्रजातीस ‘राउवोल्फिया’ हे नाव मिळाले.

१९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व वाढलेला रक्तदाब या दोहोंवर सर्पगंधेचा उपयोग होतो, असे लिहिले. त्याच वर्षी सलीमुज्जमान सिद्दीकी व रफत सिद्दीकी यांनी मुळीतून ‘अजमलीन’ इत्यादी क्षारके वेगळी केली. गांधीजींनीही रक्तदाबासाठी सर्पगंधा घेतल्याचे सांगितले जाते. विश्रांती, मौन, मातीच्या पट्ट्या व लसूण या त्यांच्या नेहमीच्या उपायांत ही मुळी परकी वाटण्याचे कारण नव्हते.

आधुनिक वैद्यकात सर्पगंधेस मान्यता मिळाली ती मुंबईतून. के.ई.एम. रुग्णालयाचे रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे रोग्यांवरील पद्धतशीर निरीक्षणाच्या आधारे मांडले. तीन वर्षांत, १९५२ मध्ये, स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी मुळीतून ‘रेसर्पीन’ हे द्रव्य वेगळे काढले. १९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले.

रेसर्पीन कसे काम करते, याचा उलगडा १९५५-५६ च्या सुमारास झाला. मज्जातंतूंची टोके व अधिवृक्क ग्रंथी यांत ॲड्रिनलिनच्या कुळातील द्रव्यांचा, म्हणजे कॅटेकोलअमाइनांचा जो साठा असतो, तो रेसर्पीन रिता करते. नाडी मंद होते व दाब उतरतो तो यामुळे. गोव्यात छापलेल्या मुळीचा आणि व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथीचा खरा संबंध येथे, चारशे वर्षांनी, जुळला.

पण येथेच इतिहासकाराने थांबून पाहावयास हवे. सर्पगंधा हेच या अर्बुदावरचे औषध असणार, असा तर्क सहज मनात येतो. तो खरा ठरला नाही. ग्रंथीचा नैसर्गिक साठा रिता करणे वेगळे आणि स्वैर वाढलेल्या अर्बुदातून अनियमितपणे सुटणाऱ्या पुरास आवर घालणे वेगळे. उलट, रेसर्पीन घेणाऱ्या रोग्याचा दाब भुलेखाली कोसळतो, अशा तक्रारी १९५० नंतरच्या दशकात आल्या व शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी ते बंद करावे, असा दंडक काही काळ चालला. सर्पगंधेचे महत्त्व निराळे आहे. कॅटेकोलअमाइनांवर औषधाने ताबा मिळविता येतो, हे तिने दाखविले व त्यांच्या अभ्यासास चालना दिली.

६. क्रमाचा शोध

अर्बुदाच्या शस्त्रक्रियेस उपयोगी पडलेला विचार तीन टप्प्यांनी पुढे गेला.

पहिला टप्पा १९४६ चा. स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर याने मज्जातंतूंचे मुख्य द्रव्य ॲड्रिनलिन नसून नॉरॲड्रिनलिन आहे, हे दाखविले. १९४९ मध्ये हे द्रव्य अर्बुदातही सापडले. दुसरा टप्पा १९४८ चा. अमेरिकेच्या रेमंड आलक्विस्ट याने शरीरातील या द्रव्यांच्या ग्राहकांचे ‘आल्फा’ व ‘बीटा’ असे दोन वर्ग केले. स्थूलमानाने सांगावयाचे तर आल्फा ग्राहक रक्तवाहिन्या आवळतात. बीटा ग्राहक हृदयाची गती वाढवितात आणि स्नायूंतील काही रक्तवाहिन्या सैल करतात. रक्तदाब व नाडी यांचे दोन स्वतंत्र लगाम असे हाती आले. तिसरा टप्पा औषधांचा. आल्फा ग्राहक रोखणारी फेन्टोलअमीन व फेनॉक्सिबेन्झमीन ही औषधे १९५० च्या आसपास उपलब्ध झाली. बीटा ग्राहक रोखणारे प्रोप्रॅनोलॉल जेम्स ब्लॅक याच्या प्रयत्नांतून १९६४ मध्ये पुढे आले.

दोन लगाम हाती आले, तरी आधी कोणता ओढावयाचा हा प्रश्न उरला. नाडी धावत असलेली पाहून ती आधी आवरावी, असे कोणासही वाटेल. नाडीवर बोट ठेवून विचार करणाऱ्यास तर हेच सुचेल. परंतु ते घातक आहे. बीटा ग्राहक आधी रोखले तर रक्तवाहिन्या सैल करणारा मार्ग बंद होतो, आवळणारा मार्ग मोकळाच राहतो, आणि ज्या हृदयाचा जोर औषधाने कमी केला त्यालाच वाढत्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते. दाब भडकतो व हृदय थकते. म्हणून आधी आल्फा, नंतर गरज असल्यास बीटा, हा क्रम अढळ मानला जातो. १९६६ मध्ये प्रिचर्ड व रॉस यांनी प्रोप्रॅनोलॉल हे आल्फारोधक औषधाच्या जोडीने कसे वापरावे, याची मांडणी केली.

याच काळात आणखी एक गोष्ट उमगली. १९६० मध्ये ब्रुन्येस, जॉन्स व क्रेन यांनी शस्त्रक्रियेनंतर येणाऱ्या दाबक्षयाचा संबंध शरीरातील एकंदर रक्ताच्या घटलेल्या प्रमाणाशी जोडला. वर्षानुवर्षे आवळलेल्या रक्तवाहिन्यांत रक्त कमी मावते. अर्बुद निघताच वाहिन्या सैल होतात, आणि ते रक्त पुरे पडत नाही. यावर उपाय असा की, आल्फारोधक औषध सात ते चौदा दिवस आधी सुरू करावे, मीठ व पाणी भरपूर द्यावे आणि वाहिन्यांस हळूहळू सैल होऊन भरण्यास अवधी द्यावा. रक्तदाबाच्या रोग्यास मीठ वाढवून देणे हे एरवीच्या शिकवणुकीच्या उलट आहे; परंतु येथे औषधाखाली तेच योग्य ठरते.

१९८२ मध्ये रॉयझन याने रोगी शस्त्रक्रियेस सिद्ध झाला हे ओळखण्याच्या कसोट्या सांगितल्या : आदल्या २४ तासांत दाब १६०/९० च्या वर गेलेला नसावा, उभे राहिल्यावर दाब उतरावा, पण ८०/४५ च्या खाली नसावा, हृदयालेखात आठवडाभर नवा बिघाड नसावा, आणि पाच मिनिटांत एकाहून अधिक अवेळी ठोका पडू नये. २०१४ च्या मार्गदर्शक सूत्रांत बसलेल्या स्थितीत दाब १३०/८० च्या खाली व नाडी ६० ते ७०, तर उभ्या स्थितीत वरचा दाब ९० च्या वर व नाडी ७० ते ८०, असे लक्ष्य सांगितले आहे. फेनॉक्सिबेन्झमीन व डॉक्साझोसिन यांची तुलना करणारी १३४ रोग्यांची डच चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. दाब इष्ट मर्यादेबाहेर राहण्याच्या एकंदर काळात दोहोंत महत्त्वाचा फरक दिसला नाही. आपल्याकडे प्राझोसिन हे त्याच वर्गातील स्वस्त औषध पुष्कळ वापरले जाते. म्हणून या निष्कर्षाचे मोल येथे अधिक आहे.

७. शस्त्रक्रियेच्या मेजावर

पूर्वतयारी उत्तम झाली तरी मेजावरचे धोके संपत नाहीत. ते ठराविक क्षणी येतात : श्वासनलिकेत नळी घालताना, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात वायू भरताना, आणि मुख्यतः अर्बुदास हात लागताना. या प्रत्येक वेळी अर्बुद पिळल्याप्रमाणे कॅटेकोलअमाइने रक्तात सोडते. भूलतज्ज्ञाजवळ यासाठी क्षणात चढणारी व क्षणात ओसरणारी औषधे तयार असतात. दाबासाठी फेन्टोलअमीन किंवा सोडियम नायट्रोप्रुसाइड, नाडीसाठी एस्मोलॉल. केपटाउनच्या मायकेल जेम्स याने १९८९ मध्ये सतरा शस्त्रक्रियांचा अनुभव मांडून मॅग्नेशियम सल्फेटची उपयुक्तता दाखविली. ते द्रव्य कॅटेकोलअमाइनांचे सुटणे कमी करते, वाहिन्या सैल करते व हृदयाची लय सांभाळते. प्रसूतिकक्षात आकडीवर दिले जाणारे हे साधे व स्वस्त औषध जिल्ह्याच्या रुग्णालयासही सहज लाभते.

यानंतर शस्त्रवैद्य अर्बुदाची शीर बांधतो. कॅटेकोलअमाइने रक्तात फार तर काही मिनिटे टिकतात. म्हणून शीर बांधताच चित्र उलटते. जो दाब खाली आणण्याची धडपड चालली होती, तोच आता वर राखावयाचा असतो. आधीची औषधे तत्काळ थांबवून शिरेतून द्रव, आणि लागल्यास नॉरॲड्रिनलिनच, द्यावे लागते. ज्या द्रव्याच्या अतिरेकासाठी शस्त्रक्रिया केली तेच द्रव्य मोजून परत द्यावे लागावे, हे या रोगाचे वैशिष्ट्य होय. शीर बांधण्याची सूचना शस्त्रवैद्याने आधी मोठ्याने द्यावी, ही शिस्त म्हणूनच औषधाइतकी मोलाची समजली जाते. पहिल्या दिवशी रक्तातील साखर उतरते, तिच्यावरही लक्ष ठेवावे लागते. १९९२ मध्ये माँट्रियलच्या मिशेल गान्ये याने दुर्बिणीने अधिवृक्क ग्रंथी काढण्याची रीत प्रसिद्ध केल्यापासून जखम लहान झाली. अनुभवी केंद्रांत आज मृत्यूचे प्रमाण शेकडा तीनच्या खाली आले आहे.

८. सेवाग्रामची परंपरा

गांधीजींच्या रक्तदाबाची देखरेख ज्यांच्याकडे आली, त्या सुशीला नय्यर दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात शिकलेल्या तरुण डॉक्टर होत्या. पुढे त्यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. एबल याने ग्रंथीच्या अर्काचा अभ्यास केला व कुशिंगने रक्तदाबाचा पट्टा नेला, तेच हे विद्यापीठ. हा योगायोग होय. त्यातून अधिक अर्थ काढू नये. त्यांच्या कार्याचा खरा धागा वेगळा आहे. सेवाग्राम येथे त्यांनी सुरू केलेल्या दवाखान्यातून १९४५ मध्ये स्त्रिया व मुले यांच्यासाठी १५ खाटांचे कस्तुरबा रुग्णालय उभे राहिले. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, त्याच रुग्णालयाच्या आधारे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. ग्रामीण भागातील हे देशातील आद्य वैद्यकीय महाविद्यालय. विद्यार्थ्यांनी खेड्यांत राहून कुटुंबांच्या आरोग्याची नोंद ठेवावी, हा तिच्या शिक्षणक्रमाचा भाग झाला. ज्वारीच्या रूपाने वर्गणी देऊन गावकऱ्यांनी उपचाराचा हक्क मिळवावा, अशी योजनाही तेथे चालली. १९९० मध्ये सावंगी (मेघे) येथे जिल्ह्यातील दुसरे वैद्यकीय महाविद्यालय निघाले.

१९६९ याच वर्षी, २८ मार्च रोजी, अमेरिकेचे माजी अध्यक्ष आयझेनहॉवर निधन पावले. शवविच्छेदनात त्यांच्या डाव्या अधिवृक्क ग्रंथीत दीड सेंटिमीटरचे फिओक्रोमोसायटोमा आढळले. ही गोष्ट वैद्यकीय नियतकालिकात चर्चिली गेली ती २००७ मध्ये. जगातील उत्तमोत्तम वैद्य ज्यांच्या दिमतीस होते व ज्यांचा रक्तदाब वर-खाली होत असल्याचे वर्षानुवर्षे दिसत होते, त्यांच्या बाबतीतही हे अर्बुद हयातीत ओळखले गेले नाही.

गांधीजींच्या चढउतार होणाऱ्या रक्तदाबाविषयी असाच तर्क करण्याचा मोह होणे शक्य आहे. तो आवरला पाहिजे. दोन-चार अंकांवरून निदान करणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही व वैद्यकाच्याही. त्यांचे १९४८ मध्ये निधन झाले ते गोळीने; तोवरचे त्यांचे श्रम, उपवास व पदयात्रा पाहता असा तर्क करण्यास आधारही नाही. आयझेनहॉवर यांच्या बाबतीत शवविच्छेदनाचा पुरावा आहे. गांधीजींच्या बाबतीत फक्त अंक आहेत. पुराव्याच्या या दोन जाती वेगळ्या ठेवल्या पाहिजेत.

९. उपसंहार

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, या शस्त्रक्रियेतील यश हे हस्तकौशल्यापेक्षा क्रमाच्या ज्ञानातून आले : आधी वाहिन्या सैल करणे, मग रक्त भरणे, मग नाडी आवरणे आणि शेवटी शस्त्र. दुसरी, महाराष्ट्राचा या इतिहासातील वाटा सर्पगंधेच्या रूपाने खरा आहे, पण तो अप्रत्यक्ष आहे. त्यास या रोगावरील औषधाचे स्थान देणे चूक होईल. तिसरी गोष्ट वर्धा जिल्ह्याची, व ती नोंदीशी निगडित आहे.

रक्तदाब वाढलेल्या हजार माणसांत हे अर्बुद असणारी एक ते सहा एवढीच सापडतात. डोकेदुखी, घाम आणि धडधड यांचे झटके येतात व जातात. दोन झटक्यांच्या मध्ये पट्टा पुष्कळदा निर्दोष अंक दाखवितो. अशा रोग्यास भित्रा समजून घरी पाठविले जाणे, हे मिना रोलच्या काळाइतकेच आजही घडू शकते. त्यातूनही मोठा धोका असा की, दुसऱ्याच कारणासाठी त्यास मेजावर घेतले जाते व अर्बुदाची पहिली ओळख भुलेखाली पटते. तेथे ना आल्फारोधक औषधाची तयारी असते, ना भरलेले रक्त, ना दोन आठवड्यांचा अवधी. जी माणसे या अर्बुदाने दगावली त्यांतील अनेकजण अशा प्रसंगी दगावली आहेत.

यास उपाय महागड्या यंत्रात नाही. एकाच माणसाचा दाब व नाडी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी, आणि विशेषतः झटका आला असताना मोजून तारखेसह लिहून ठेवणे, हाच तो उपाय. असे अंक हाती असले तर पुढील रक्त-लघवीची तपासणी कोणाची करावयाची, हे ठरविता येते. गांधीजींच्या आजारपणातील अंक आज ऐंशीहून अधिक वर्षांनी वाचावयास मिळतात, कारण कोणीतरी ते मोजले व तारखेसह लिहून ठेवले. जिल्ह्यातील उपकेंद्राच्या नोंदवहीत शेतमजूर बाईचे अंकही तितक्याच काळजीने लिहिले जातात किंवा नाही, यावर तिची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडेल की नाही हे पुष्कळ अंशी अवलंबून आहे.